समुद्राचा बिब्बा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी उमेदीची दोन वर्षं काढली. पेशंट समोर बसला की ते आधी विचारायचे, "कवाधरनं हाय?" पेशंट सांगायचा, "चार दिवस झालं." मग त्यांचा दुसरा प्रश्न यायचा, "आणि त्याच्या आधी कुठं होतास?" पहिला प्रश्न सगळेच डॉक्टर विचारतात. दुसरा फार थोडे विचारतात. आजचं माझं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "डॉक्टर, समुद्रातल्या दंशांवर व्याख्यान, ते कोल्हापुरात कशाला? आपल्याला समुद्र कुठं आहे?" खरं आहे, आपल्याला समुद्र नाही. पण आपण समुद्राकडे जातो. पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यात पोहायला शिकलेली माणसं आपण. वीरधवल खाडे याच शहराचा. पाण्याचं भय आपल्याला नाही. पाऊस सरला, दिवाळी झाली, की शनिवारी पहाटे गाड्या गगनबावड्याच्या रस्त्याला लागतात. करूळ घाट उतरला की वैभववाडी, कणकवली, आणि जेवणाच्या वेळेला मालवण. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी लोक सिंधुदुर्ग किल्ला बघून, मासे खाऊन परत यायचे. आता पाण्याखाली जातात. तारकर्लीला पर्यटन महामंडळानं स्कूबाच्या प्रशिक्षणाची संस्था उभी केली, किल्ल्याच्या आसपास होड्या लागू लागल्या, आणि ज्यानं आयुष्यात कधी मासोळीसुद्धा हातात धरली नाही, असा माणूस पाठीवर सिलिंडर घेऊन प्रवाळ बघून येतो. मला याचा मनापासून आनंद आहे. पण तिथून येताना काही जण कातडीवर एक चिठ्ठी घेऊन येतात, आणि ती चिठ्ठी उघडते कोल्हापुरात, आठदहा दिवसांनी. ती वाचायची कशी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. डिसेंबरातल्या एका रविवारी मित्रांबरोबर पाण्यात उतरला. अर्ध्या बाह्यांचा सूट. वर येताना त्यानं नांगराच्या दोराला डावा हात गुंडाळून आधार घेतला. होडीत चढला तेव्हा मनगटापासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत आग होत होती, तिखट लागल्यासारखी. कुणीतरी बाटलीतलं पाणी ओतलं, कुणीतरी टॉवेलनं खसाखसा पुसलं. आग वाढली, मग तासाभरात उतरली. संध्याकाळी थोडी लाली होती. सुरमईचं ताट जेवून मंडळी घाट चढून घरी आली. सोमवारी हात स्वच्छ. मंगळवारी स्वच्छ. आठवडाभर काही नाही. आणि पुढच्या मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, त्याच जागी लालसर फोडांचा एक पट्टा उठला, मनगटापासून कोपरापर्यंत तिरका, दोराच्या वेढ्यासारखा. खाज अशी की रात्री झोप नाही.

आता घरात काय झालं असेल? आई म्हणाली, मासे बाधले, पित्त उठलंय. म्हणून आमसुलाचं पाणी लावलं. शेजारच्या काकूंनी पट्टा बघितला आणि म्हणाल्या, ही नागीण. मग गेरूचा लेप आला, आणि "वेढा पुरा झाला तर माणूस जातं" ही भीती आली. तिसऱ्यानं मेडिकलमधून एक मलम आणून दिलं, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. नऊ दिवसांमागचा दोर कुणाला आठवला? कुणालाच नाही. त्या मुलालाही नाही. तो माझ्यासमोर बसून शपथेवर सांगत होता, "न्हाई डॉक्टर, काय लागलेलं न्हाई. आठ दिवस हात एकदम क्लीअर होता."

त्याच्याबरोबर त्याची आजी आली होती. मूळची आजऱ्याची, तरुणपणी काजूच्या कारखान्यात टरफलं फोडलेली. तिनं नातवाचा हात आपल्या हातात घेतला, बोटानं पट्ट्याची कड चाचपली आणि म्हणाली, "ही नागीण न्हवं. ह्ये बिब्ब्यागत उतलंय. मागं काय लागलंय ते बघा."

श्रोतेहो, माझ्या पुस्तकांत जे चार पानं घेऊन लिहिलं आहे, ते त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं.

बिब्बा उतणं म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. टाचेत काटा रुतला की बिब्ब्याचा चटका देत. परीट त्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करत. तो रस धुतला तरी निघत नाही. पण बिब्बा लागल्याबरोबर काही होत नाही. एकदोन दिवस जातात, मग कातडी सुजते, फोड येतात, पाणी सुटतं. काजूच्या टरफलातलं तेल त्याच जातीचं. आजरा-चंदगडच्या बायांचे हात त्याची साक्ष देतात. आणि याच्या अगदी उलट आपल्याकडे दुसरी वनस्पती आहे, खाजकुयली. शेंगेवरची लव अंगाला लागली की त्याच क्षणी माणूस नाचायला लागतो. तिला उद्याची वाट बघावी लागत नाही. कारण त्या लवेत जे रसायन आहे, ते स्वतःच काम करतं. बिब्ब्यात तसं नाही. बिब्बा निमित्त असतो. कातडी बिघडवतं ते आपलंच शरीर, त्या रसाशी भांडताना.

खाजकुयली आज आणि बिब्बा नंतर. समुद्रातला दंश हा एकाच हातानं दोन्ही लावू शकतो. आधी खाजकुयली, मग आठदहा दिवसांनी बिब्बा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून घरी गेलात तरी माझं आजचं काम झालं.

आधी खाजकुयली बघू. जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ आणि हायड्रॉइड नावाचे पिसासारखे दिसणारे जीव हे सगळे एका कुळातले. हायड्रॉइड खडकावर वाढतात, होडीच्या तळाला वाढतात, पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या दोरावर वाढतात. बघणाऱ्याला वाटतं शेवाळ आहे. शेवाळ नसतं, तो प्राणी असतो. या सर्वांच्या अंगावर सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत गुंडाळी करून ठेवलेला पोकळ धागा, आणि आत दीडशे वातावरणांच्या घरातला दाब. काही टेकलं की झाकण उडतं आणि धागा भाल्यासारखा सुटतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रा या नातेवाइकावर शास्त्रज्ञांनी ही क्रिया मोजली. धागा सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. प्राण्यांच्या दुनियेत याहून वेगवान हालचाली फारच थोड्या आहेत. वाळूवर मरून पडलेल्या जेलीफिशच्या कुप्याही जिवंत असल्यासारख्या सुटतात, म्हणून मुलांना तिला हात लावू देऊ नका.

त्या मुलाच्या हातावर अशा हजारो कुप्या फुटल्या. आणि ज्या फुटल्या नव्हत्या, त्या बाटलीतल्या गोड्या पाण्यानं आणि टॉवेलनं फोडल्या.

आता बिब्ब्याकडे येऊ, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. विष कातडीत शिरलं. आग झाली, शमली. पण विषाचे अंश, धाग्यांचे तुकडे कातडीत राहिले. आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. त्या या परक्या अंशाचा तुकडा उचलतात आणि जवळच्या गाठीत घेऊन जातात, हाताचा असेल तर काखेतल्या. ती गाठ म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, तालीम. तिथे असंख्य प्रकारचे पोरगे आहेत, प्रत्येकाचा डाव वेगळा. जो तुकडा आला आहे, त्याच्याशी ज्याचा डाव जुळतो, तो निवडला जातो. मग त्याला तयार करायचं, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे हजारो करायचे. याला वेळ लागतो. गंगावेशीतल्या किंवा मोतीबागेतल्या वस्तादाला विचारा, पैलवान एका रात्रीत होतो का? शरीराच्या तालमीला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. मग ही तयार फौज रक्तातून फिरत जागेवर येते, आणि बघते तर प्रतिस्पर्धी अजून आखाड्यात बसलेलाच आहे. नवव्या दिवशी जी उसळी दिसते, ती ही कुस्ती. मधले आठ दिवस हात स्वच्छ होता हे खरंच आहे. पण स्वच्छ असणं वेगळं आणि शांत असणं वेगळं. त्या आठ दिवसांत काखेत तालीम घुमत होती.

ज्यांनी टीबीची कातडीवरची चाचणी करून घेतली असेल, त्यांना आठवत असेल. सुई आज टोचतात आणि बघायला दोनतीन दिवसांनी बोलावतात. का? त्याच कारणानं. शरीराची पूर्वीची ओळख असेल तर फौज तयार असते, तिला पोहोचायला दोनतीन दिवस पुरतात. ओळख नसेल तर आधी शिकावं लागतं.

शरीर शिकतं आणि ते शिकणं कधी त्याच्याच जिवावर येतं, हे माणसाला पहिल्यांदा स्पष्ट कळलं ते कशावरून? समुद्राच्या दंशावरूनच. मला ही हकिकत दर वेळी थक्क करते. १९०१ साली मोनॅकोचा राजा आल्बर्ट आपल्या जहाजातून अटलांटिकवर निघाला. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ त्याच्याबरोबर होते. पाण्यावर निळ्या फुग्यासारखा तरंगणारा, खलाशांचं अंग भाजून काढणारा जो जीव आपण ब्लू बॉटल म्हणून ओळखतो, त्याच्या थोरल्या भाईबंदाच्या विषाचा अभ्यास त्यांनी जहाजावर सुरू केला. पॅरिसला परतल्यावर तो जीव मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांना ते थोडं थोडं देऊन विषाची सवय होते का, हे पाहायचं ठरवलं. नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. पहिल्या वेळी त्याला फारसं काही झालं नाही. तीनेक आठवड्यांनी तेच विष पुन्हा थोडंसं दिलं. सवय झाली असेल अशी अपेक्षा होती. काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो कोसळला, आणि अर्ध्या तासाच्या आत मेला.

सवय झालीच नव्हती. उलट शरीर जास्त हळवं झालं होतं. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए यांनी या प्रकाराला अॅनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. आज शेंगदाण्याची, पेनिसिलिनची, मधमाशीची जी जीवघेणी अॅलर्जी आपण म्हणतो, तिचं शास्त्र समुद्रफुलाच्या विषातून जन्मलं. नेपच्यूनचं झालं ते तडकाफडकी भांडण होतं, आपल्या मुलाचं झालं ते सावकाशीचं. दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे. पण दोन्हींत पहिल्या भेटीनंतर शरीराला शिकायला काही दिवस लागले, आणि त्या दिवसांत वरून काहीच दिसलं नाही.

आता आपल्या अडचणीकडे या. दंश मालवणात होतो आणि फोड कोल्हापुरात येतात. तिथल्या डॉक्टरला आग दिसते, फोड दिसत नाहीत. इथल्या डॉक्टरला फोड दिसतात, समुद्र दिसत नाही. मध्ये एक घाट आणि नऊ दिवस. कारण एका जिल्ह्यात, परिणाम दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दोघांची गाठ घालून देणारा एकच माणूस असतो, स्वतः पेशंट. त्यानं सांगितलं नाही तर कोण सांगणार? आणि त्याला विचारलं नाही तर तो का सांगेल?

म्हणून माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती, आणि सभागृहात बरेच जण आहेत. नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या वाटेनं जाते, आणि फोडांच्या आधी ठणका असतो. पित्ताच्या गांधी काही तासांत जागा बदलतात. गजकर्णाची कड हळूहळू पसरते. पण पट्टा नसेची वाट सोडून आडवातिडवा गेला असेल, दोरासारखा, झुबक्यासारखा, चाबकाच्या वळासारखा असेल, तर गेल्या तीन आठवड्यांचा हिशेब मागा. मी केसपेपरवर एक ओळच छापून घेतली आहे: समुद्र, नदी, माशांची टाकी, कधी?

ही ओळ, आणि तिच्यातली माशांची टाकीही, सहज घातलेली नाही. समुद्री साळिंदराचा काटा पायात मोडला तर महिन्यांनी त्या जागी गाठ उठू शकते. प्रवाळावर खरचटलेल्या किंवा घरच्या टाकीत बुडवलेल्या हातावर टीबीच्या जंतूचा एक चुलतभाऊ वस्ती करतो. दोनचार आठवड्यांनी न दुखणारी एक गाठ येते, मग तिच्या वर दुसरी, तिसरी, हातातल्या लसीकावाहिनीच्या वाटेनं चढत. त्याला मलम चालत नाही, महिनोनमहिने गोळ्या लागतात. स्टेरॉइडचं मलम लावलं तर तो आणखी बळावतो. म्हणून म्हणतो, मेडिकलच्या फळीवरून "सगळ्यावर चालतं" असं मलम आणू नका. सगळ्यावर चालणारं मलम नसतं.

किनाऱ्यावर काय करायचं, ते भरभर सांगतो. चोळायचं नाही. वाळू नाही, टॉवेल नाही. गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राचंच पाणी ओतायचं. चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा हातमोजे घालून काढायचे. मग सोसेल इतकं गरम पाणी, पंचेचाळीस अंशांच्या आत. ब्लू बॉटलच्या दंशांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या पाहणीत अशा पाण्यात २० मिनिटं भाग ठेवल्यानं बर्फापेक्षा जास्त आराम मिळाला. २०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कित्येकांना पाकट माशांनी दंश केले. पाकटाच्या काट्यालाही गरम पाणीच, पण तिथे जखम खोल असते, दवाखाना चुकत नाही. व्हिनेगर काही जेलीफिशवर चालतं, काहींवर चालत नाही, म्हणून तो सरसकट उपाय समजू नका. लघवी, दारू, टूथपेस्ट, लिंबू यांतलं काहीही नको. आणि दम लागला, छातीत आवळलं, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या, तर कातडीचा विचार सोडा आणि पेशंटला उचला. खोल बुडी मारून आलेल्याच्या अंगावर काही तासांतच निळसर जाळी उठली, सांधे दुखले, चक्कर आली, तर तो दंश नव्हे. तो दाबाचा आजार आहे आणि त्याला तातडीनं प्राणवायू लागतो.

उशिरा उठलेल्या फोडांचं काय? डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम, खाजेसाठी गोळी, आणि नखं कापलेली. बहुतेकांचं दोनतीन आठवड्यांत बसतं. पण आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर मागे तपकिरी डाग राहतो, आणि माझ्या खोलीत खरं रडू येतं ते या डागावर. एक मुलगी आली होती, लग्न दीड महिन्यावर. गळ्याखाली जेलीफिशच्या धाग्यांची तीन तपकिरी वळं. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील, कुणी मारलं म्हणतील." मी काय सांगणार? डाग जातो, पण त्याच्या वेळेनं जातो. काहींचा तीन महिन्यांत, काहींचा वर्षानं. ऊन टाळा, घासू नका, गोरं करणारी मलमं लावू नका. आणि विचारणाऱ्याला सांगा, समुद्रात गेले होते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मालवणच्या होडीवाल्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. हा त्यांचा हंगामी धंदा आहे, पावसाळ्यात बंद. त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे की सिलिंडर बांधताना दोन वाक्यं सांगावीत: कशालाही हात लावू नका, आणि काही लागलं तर तारीख लिहून ठेवा. पहिलं वाक्य प्रवाळाच्या भल्याचंही आहे. १९८७ पासून मालवणचा हा भाग सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ पासून प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. आपण पाहुणे आहोत. यजमानाच्या घरातल्या वस्तू चाचपत फिरणं आपल्याकडेही बरं दिसत नाही.

तो मुलगा मार्चमध्ये पुन्हा आला. हातावर फिकट पट्टा उरला होता, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकला जाईल इतका. यावेळी त्यानं मोबाइल काढला आणि त्या रविवारचा फोटो दाखवला. पाण्याखालून कुणीतरी काढलेला. तो हसतोय, अंगठा वर, आणि डावा हात दोराला गुंडाळलेला. दोर दोर दिसतच नव्हता. त्यावर बोटभर लांबीची तपकिरी पिसं डुलत होती. आम्ही दोघं बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिलो. मग त्यानं विचारलं, "डॉक्टर, पुढच्या डिसेंबरला जाऊ का?"

मी म्हटलं, "जा. पूर्ण बाह्यांचा सूट माग, हातमोजे घाल, दोर उघड्या हातानं धरू नको. आणि या खेपेला काही लागलं तर आठ दिवस वाट बघत बसू नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. तुझ्या कातडीला आता शिकायला आठ दिवस लागणार नाहीत."